डॉ. जानकी अम्मल

लखनौ म्हटले की हजरतगंजची गजबजलेली बाजारपेठ डोळ्यांसमोर येते. तेथून जवळच, सिकंदरबागेत, देशातील एक नामांकित वनस्पती उद्यान आहे. वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरात १९५४ मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची मध्यवर्ती प्रयोगशाळा सुरू झाली. डॉ. जानकी अम्मल तिच्या प्रमुख होत्या.

जानकींचा जन्म ४ नोव्हेंबर १८९७ रोजी केरळमधील तेलिचेरी येथे, मागास मानल्या गेलेल्या थिय्या जातीत झाला. वडील न्यायाधीश होते. त्यांना निसर्गाची विलक्षण आवड होती. बहिणींची लग्ने झाली, जानकींनी मात्र विद्येची वाट धरली. १९३१ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. पुढे कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात त्यांनी उसाचा मक्यासारख्या दूरच्या गवतांशी संकर घडवला. परंतु अविवाहित आणि खालच्या मानलेल्या जातीतील स्त्रीला पुरुष सहकाऱ्यांत बरोबरीचे स्थान मिळणे अवघड होते.

१९३९ मध्ये त्या एका परिषदेसाठी ब्रिटनला गेल्या आणि महायुद्ध सुरू झाल्याने तेथेच राहिल्या. लंडनवर बाँब पडत असतानाही त्यांचे संशोधन थांबले नाही. युद्धानंतर विस्ले येथील उद्यानात त्यांनी मॅग्नोलिया वृक्षावर प्रयोग केले. आनुवंशिक गुण वाहून नेणारी गुणसूत्रे पेशीत असतात. एरवी पेशी दुभंगते तेव्हा दुप्पट झालेली गुणसूत्रे दोन पेशींत वाटली जातात. कोल्चिसिन या विषारी द्रव्याने ही वाटणी रोखली जाते व दुप्पट गुणसूत्रे एकाच पेशीत राहतात. बियांतून नुकतीच दोन दले उघडली की जानकी रोपाच्या कोवळ्या शेंड्याला हे द्रावण लावीत. त्यातून वाढलेल्या काही झाडांची पाने जाड व भारदस्त झाली, फुलांच्या पाकळ्याही जाड होऊन अधिक काळ टिकू लागल्या. रंगरूप बदलण्याचे हे काम माळ्याच्या चिकाटीचेच होते! त्यांपैकी एका वाणाला त्यांचे नाव मिळाले.

१९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून त्या मायदेशी परतल्या. वनस्पती सर्वेक्षणाची नवी घडी बसवण्याचे काम त्यांच्याकडे आले. पुढे ही प्रयोगशाळा लखनौहून अलाहाबादला हलवण्यात आली. १९७७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

नव्या वनस्पती घडवणाऱ्या जानकींना जुन्या जंगलांची काळजी अधिक वाटू लागली. केरळातील सायलेंट व्हॅलीचे अरण्य धरणाखाली बुडणार असे दिसताच, वयाची सत्तरी ओलांडलेल्या जानकींनी तेथील वृक्षांच्या गुणसूत्रांची नोंद करण्याचे ठरवले. धरणाला त्यांनी विरोधही केला. १९८३ मध्ये तो प्रकल्प रद्द झाला. ७ फेब्रुवारी १९८४ रोजी जानकींचे निधन झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते अरण्य राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले.