उलटी गिटार

आमच्या होस्टेलमध्ये दर शनिवारी रात्री मेस आटोपली की एकच वाद रंगतो : जगातला बेस्ट गिटारिस्ट कोण? बी विंगवाले म्हणतात एडी व्हॅन हेलन. आमची विंग स्टीव्ह वायची. मग मोबाईल निघतात, स्पीकर लागतात आणि एका सेकंदात कोणी किती नोट्स वाजवल्या ते मोजलं जातं. (एवढ्या काळजीने आम्ही लॅबमध्ये रीडिंग्ज घेतली असती तर जर्नलं वेळेवर सबमिट झाली असती!)

मागच्या वर्षीपर्यंत या वादात सगळ्यात मोठा आवाज माझा असायचा. व्हॅन हेलनचं 'इरप्शन' हे १९७८ सालचं, फक्त १ मिनिट ४२ सेकंदांचं. ते वाजवता यावं म्हणून मी तिसऱ्या सेमिस्टरची अख्खी पी.एल. गिटारवर घालवली. इरप्शन आलं नाहीच, एम-३ ची एटीकेटी मात्र आली. घरी आठवडाभर कोणी माझ्याशी धड बोललं नाही. गिटार कपाटावर गेली.

त्याच सुट्टीत एका रात्री झोप येत नव्हती म्हणून मोबाईलवर एक जुना व्हिडिओ लावला. १८ ऑगस्ट १९६९, वूडस्टॉक. डोक्याला लाल पट्टी बांधलेला एक काळा तरुण पांढरी गिटार उलटी धरून अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवतोय. गायन नाही, शब्द नाहीत. त्यात स्पीडही फारसा नाही. आणि तरी मला तो व्हिडिओ बंद करता येईना. एकदा संपला की परत लावायचो. पहाट कधी झाली कळलं नाही.

मित्रांनो, हा लेख त्या माणसाबद्दल आहे. जिमी हेन्ड्रिक्स. (माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. मराठीत एवढं मोठं पहिल्यांदाच लिहितोय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं ही विनंती.)

जिमीचा जन्म २७ नोव्हेंबर १९४२ चा, सिएटल शहरातला. आई ल्युसिल तेव्हा जेमतेम सतरा वर्षांची. वडील अल सैन्यात होते, मुलगा झाला तरी त्यांना रजा मिळाली नाही. आईने नाव ठेवलं होतं जॉनी. वडील परत आल्यावर १९४६ मध्ये त्यांनी ते बदलून जेम्स मार्शल केलं. घरात दारू, भांडणं आणि कायमची पैशांची ओढाताण. जिमी नऊ वर्षांचा असताना आईवडिलांचा घटस्फोट झाला आणि १९५८ मध्ये आई वारली. वडिलांनी त्याला तिच्या अंत्यविधीलाही नेलं नाही.

लहानपणी हा मुलगा झाडू हातात घेऊन गिटार वाजवल्याची नक्कल करायचा. पुढे वडिलांबरोबर एका घरातला कचरा उपसताना त्याला एक मोडकं युकुलेली सापडलं, त्याला तार एकच! त्या एका तारेवर तो ऐकलेली गाणी शोधून शोधून वाजवायचा. पहिली खरी गिटार मिळाली १९५८ मध्ये, पाच डॉलरची सेकंडहँड. जिमी डावखुरा आणि दुकानातल्या गिटार उजव्या हाताच्या. म्हणून त्याने गिटारच उलटी धरली आणि तारा काढून उलट क्रमाने बसवल्या. पुढे जगप्रसिद्ध झाल्यावरही त्याने ही सवय सोडली नाही. त्याच्या फोटोंमध्ये गिटारची बटणं खालच्या ऐवजी वरच्या बाजूला दिसतात ती त्यामुळे. स्वरलिपी त्याला शेवटपर्यंत वाचता आली नाही. क्लास नाही, सर्टिफिकेट नाही, सगळं कानाने.

शाळा अर्धवट सुटली. चोरीच्या गाडीतून फिरताना दोनदा पकडला गेला, तेव्हा तुरुंग टाळण्यासाठी १९६१ मध्ये तो सैन्यात भरती झाला. १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये, म्हणजे पॅराशूटने उडी मारणाऱ्यांत. तिथेही ड्युटी सोडून गिटारच. वरिष्ठ वैतागले आणि १९६२ मध्ये त्याला मोकळं केलं. घोट्याला दुखापत झाली म्हणून सुटलो असं तो सांगायचा, लष्कराच्या कागदांत मात्र सैनिक म्हणून अयोग्य असा शेरा आहे. सैन्यात त्याला बिली कॉक्स नावाचा बास वाजवणारा दोस्त मिळाला, तो अखेरपर्यंत टिकला.

पुढची चार वर्षं कोणी फारशी सांगत नाही, पण मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटतात. या चार वर्षांत जिमी दुसऱ्यांच्या मागे उभा राहून वाजवत होता. दक्षिणेतले छोटे क्लब, मग आयस्ली ब्रदर्स, मग लिटल रिचर्ड. पगार कमी, कधी गिटार गहाण, कधी राहायला जागा नाही. भडक कपडे घालतो आणि उशिरा येतो यावरून लिटल रिचर्डशी खटके उडाले. १९६५ मध्ये त्याने एका निर्मात्याच्या करारावर सही केली, तीन वर्षांसाठी, एक डॉलर आणि एक टक्का रॉयल्टी! तो कागद पुढे नाव झाल्यावर कोर्टकचेऱ्या होऊन त्याच्या मानगुटीवर बसला. (फायनल इयरच्या सीनियर्सनी कंपनीचा बॉण्ड साइन करण्याआधी हा पॅराग्राफ पुन्हा वाचावा.)

१९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या 'कॅफे वा' मध्ये त्याला चास चँडलरने ऐकलं. चँडलर हा 'अॅनिमल्स' या इंग्लिश बँडचा बासिस्ट. तो जिमीला घेऊन २४ सप्टेंबरला लंडनला पोचला. आणि आठवडाभरात, १ ऑक्टोबरला, जे घडलं ते एका पॉलिटेक्निकमध्ये घडलं (डिप्लोमा करून आलेल्या मित्रांनी कॉलर ताठ करावी!). रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये 'क्रीम' या बँडचा कार्यक्रम होता. गिटारवर एरिक क्लॅप्टन, ज्याला लंडनचे पोरं अक्षरशः देव मानत होती. जिमीने मध्येच एक गाणं वाजवायची परवानगी मागितली. त्याने वाजवायला सुरुवात केली आणि क्लॅप्टन हात खाली सोडून स्टेजवरून आत निघून गेला. गंमत म्हणजे आमच्या बी विंगचा लाडका व्हॅन हेलन लहानपणापासून याच क्लॅप्टनचा भक्त.

मग सगळं झपाट्याने. नोएल रेडिंग आणि मिच मिचेल यांना घेऊन 'एक्सपीरियन्स' हा बँड, १९६७ मध्ये दोन अल्बम, त्याच वर्षी जूनमध्ये माँटेरेच्या फेस्टिव्हलमध्ये स्टेजवर गिटार जाळणं, १९६८ मध्ये 'इलेक्ट्रिक लेडीलँड' अमेरिकेत पहिल्या नंबरवर. जाळलेली गिटार सगळ्यांना माहीत असते, म्हणून मी तिच्यावर जास्त लिहीत नाही.

आता थोडं इंजिनिअरिंग. गॅदरिंगला माईक स्पीकरसमोर गेला की कुंईऽऽ करून शिट्टी वाजते आणि सगळे साउंडवाल्याला शिव्या घालतात. तीच गोष्ट इलेक्ट्रिक गिटारची. तार हलते, पिकअप त्याचा सिग्नल करतो, अॅम्प्लिफायर तो वाढवतो, स्पीकरचा आवाज हवेतून परत येऊन तारेलाच हलवतो. लूप गेन एक, फेज बरोबर, झाला ऑसिलेटर! बार्कहाउझेन साहेबांची अट आपण परीक्षेत पाच मार्कांसाठी लिहितो आणि विसरतो. जिमी त्या शिट्टीवर स्वार व्हायचा. अॅम्पपासून किती पावलं दूर उभं राहायचं, गिटार कोणत्या कोनात वळवायची, हँडल दाबून तार किती सैल करायची, यावरून तो त्या गोंगाटातून हवा तो सूर काढायचा. त्याचा एक साथीदार होता रॉजर मेयर. हा ब्रिटिश नौदलाच्या खात्यात ध्वनीवर काम करायचा आणि जिमीसाठी पेडल्स बनवायचा. सूर एक सप्तक वर नेणारं 'ऑक्टेव्हिया' हे त्याचंच, 'पर्पल हेझ' मध्ये ते ऐकू येतं.

जिमी काही पहिला नव्हता. शब्दांशिवाय नुसत्या गिटारवर गाणी त्याच्या आधीही गाजली होती. इंग्लंडच्या 'शॅडोज' चं १९६० चं 'अपाची' घ्या : स्वच्छ, गोड, इस्त्रीच्या शर्टासारखं. त्याच्याही आधी १९५८ मध्ये लिंक रेने 'रंबल' साठी स्पीकरच्या पडद्याला पेन्सिलीने भोकं पाडून आवाज खरखरीत केला. त्या गाण्यात एकही शब्द नाही, तरी काही रेडिओ केंद्रांनी पोरं बिघडतील म्हणून ते लावायचं बंद केलं!

जिमीनंतर आले ते आमच्या शनिवारच्या वादातले लोक. 'इरप्शन' ऐकलं की वाटतं दोन्ही हातांनी कोणी टाइपरायटरवर सूर टाइप करतंय. जो सॅट्रियानीचं १९८७ चं 'सर्फिंग विथ द एलियन' म्हणजे हायवेवरची बाईक. स्टीव्ह वायचं १९९० चं 'फॉर द लव्ह ऑफ गॉड' सहा मिनिटांचं, हळू सुरू होऊन आकाशात जाणारं. हे सगळे ग्रेटच आहेत, माझ्यासारख्याने त्यात खोट काढू नये. पण ते ऐकताना मी थक्क होतो ते त्यांच्या हातांनी. वूडस्टॉक ऐकताना हात आठवतच नाहीत.

ती सकाळ कशी होती पाहा. न्यूयॉर्क राज्यात एका दूधवाल्या शेतकऱ्याच्या रानात चार लाखांवर पोरं जमली होती. पाऊस, चिखल, सगळं वेळापत्रक कोलमडलेलं. रविवारी रात्री संपायचा कार्यक्रम सोमवारी सकाळवर गेला, तोवर बहुतेक गर्दी घरी निघून गेली होती. त्या वर्षी व्हिएतनाममध्ये पाच लाखांहून अधिक अमेरिकन सैनिक होते, आणि जिमीची जुनी १०१ वी डिव्हिजनही तिथेच लढत होती. जिमी राष्ट्रगीत सरळ सुरू करतो. मग जिथे मूळ शब्दांत अग्निबाण आणि बॉम्ब येतात, तिथे गिटार किंचाळते, विमान खाली येतं, बॉम्ब पडतात, माणसं ओरडल्यासारखा आवाज येतो. मध्येच लष्करी अंत्यविधीला वाजवतात त्या बिगुलाचे काही सूर. आणि मग परत ती चाल, ठाम, शेवटपर्यंत.

पुष्कळांना हा अपमान वाटला. टीव्हीवर त्याला त्याबद्दल विचारलं तेव्हा त्याने शांतपणे सांगितलं की त्याला स्वतःला ते सुंदर वाटलं. मी खूप विचार केला. मला तो अपमान वाटत नाही. पॅराशूट बांधून विमानातून उडी मारलेला माणूस तो, त्याला त्या आवाजांची कल्पना असणार. आपण २६ जानेवारीला ग्राउंडवर अर्धवट झोपेत उभे राहतो. त्याने आपलं राष्ट्रगीत एवढ्या जागेपणी वाजवलं की ऐकणाऱ्याला झोप लागणं शक्य नाही.

यानंतर तो वर्षभरच जगला. न्यूयॉर्कमध्ये त्याने स्वतःचा स्टुडिओ बांधला, 'इलेक्ट्रिक लेडी'. २६ ऑगस्ट १९७० ला उद्घाटन झालं, लगेच तो युरोपच्या दौऱ्यावर गेला आणि पुन्हा त्या स्टुडिओत पाऊल ठेवू शकला नाही. १८ सप्टेंबरला लंडनमध्ये, झोपेच्या गोळ्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त घेतल्यामुळे, झोपेतच उलटी होऊन गुदमरून गेला. वय २७. होस्टेलमध्ये काही जण म्हणतात की नशा होती म्हणून जिमी जिमी होता. मला याचा राग येतो. नशेने त्याचा स्टुडिओ त्याच्याकडून काढून घेतला, एवढंच तिने केलं. जे दिलं ते एका तारेच्या युकुलेलीने आणि त्या चार वर्षांच्या हमालीने.

ती बातमी ऐकली तेव्हा चौदा वर्षांचा जो सॅट्रियानी शाळेच्या फुटबॉल टीममध्ये होता. त्याने तिथल्या तिथे कोचला सांगितलं की आजपासून खेळ बंद, मी गिटारिस्ट होणार. पुढे त्याने ज्यांना शिकवलं त्यांतला एक स्टीव्ह वाय. आपल्याकडे याला घराणं म्हणतात. म्हणजे आमची विंग इतकी वर्षं ज्याच्यासाठी भांडतेय तो जिमीच्या शिष्याचा शिष्य!

एम-३ मी या वेळी काढला. गिटार कपाटावरून खाली आली. पाच तारा काढून ठेवल्या आणि एका तारेवर आई स्वयंपाक करताना गुणगुणते ती चाल शोधत बसलो. पंधरा दिवस लागले. एका संध्याकाळी रूम पार्टनरने कानातले इअरफोन काढले आणि विचारलं, अरे, हे कुठलं गाणं आहे? इरप्शनच्या वेळी त्याने ते इअरफोन घातले होते.