दादासाहेब फाळके : कलादृष्टी आणि भांडवलाचा हिशेब

प्रास्ताविक

धुंडिराज गोविंद फाळके ऊर्फ दादासाहेब फाळके हे नाव भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून आपल्या परिचयाचे आहे. चित्रपटासाठी घरदार पणाला लावणारा ध्येयवेडा कलावंत अशी त्यांची प्रतिमा रूढ आहे. ती असत्य नाही. परंतु अपुरी आहे. फाळके हे दिग्दर्शक होते तसेच निर्मातेही होते, आणि निर्मात्याला कल्पनेइतकाच पैशाचाही विचार करावा लागतो. या दोन गोष्टींचा मेळ त्यांनी कसा घातला आणि तो पुढे का तुटला, या दृष्टीने त्यांच्या चरित्राचा परामर्श येथे घेतला आहे.

जडणघडण

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे व्यासंगी विद्वान होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि त्यानंतर बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी धरली, आणि स्वदेशीच्या चळवळीच्या काळात ती सोडून लोणावळ्यास छापखाना काढला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीस जाऊन आले. मात्र भागीदाराशी मतभेद होताच त्यांनी हा नावारूपास आलेला व्यवसाय सोडून दिला. भांडवल दुसऱ्याचे आणि कसब आपले, अशा भागीदारीत फाळके फार काळ रमत नसत, हे या प्रसंगातून प्रथम दिसून आले.

सावकाराला पटलेला पुरावा

१९११ मध्ये मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट त्यांनी पाहिला आणि आपल्या पुराणकथा अशाच पडद्यावर आणाव्यात या कल्पनेने ते झपाटून गेले. ते वर्ष त्यांनी अखंड पाहण्यात आणि वाचण्यात घालविले. अतिश्रमाने काही काळ दृष्टीही अधू झाली. आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या प्रारंभी ते लंडनला गेले. तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रपटगृहनिर्मितीचे नव्हे, तर चित्रपटनिर्मितीचे काम त्यांनी जवळून पाहिले, विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा विकत घेतला आणि ते परतले.

मात्र चित्रपट काढण्याइतके भांडवल त्यांच्याजवळ उरले नव्हते. अशा वेळी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची टप्प्याटप्प्याने छायाचित्रे घेऊन एक लहानसा चित्रपट तयार केला. अनेक दिवसांची वाढ पडद्यावर जेमतेम मिनिटभरात दिसू लागली. हा चित्रपट पाहून छायाचित्रण-साहित्याचे व्यापारी यशवंत नाडकर्णी कर्ज देण्यास तयार झाले. पैसे देणाऱ्याला केवळ स्वप्न सांगून भागत नाही, त्याला हाती घेता येईल असा पुरावा द्यावा लागतो, हे व्यवहारज्ञान फाळके यांच्यापाशी होते. तारणासाठी सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले.

‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट दादर येथे तयार झाला. घर हेच कार्यालय, प्रयोगशाळा आणि भटारखाना होते. सरस्वतीबाई साऱ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळीत आणि फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने तयार करणे ही कामेही करीत. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला; तर स्त्रिया मिळेनात म्हणून उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. कुटुंबातील श्रमांचा मोबदला हिशेबात धरावा लागला नाही, म्हणूनच हा चित्रपट आवाक्यात राहिला, हे विसरता येत नाही.

३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो प्रदर्शित झाला. गावोगावच्या प्रेक्षकाला रात्रभर चालणाऱ्या नाटकांची सवय होती. दीड तासाच्या खेळाला तो पैसे का देईल, ही अडचण होती. तेव्हा सत्तावन्न हजार चित्रे आणि दोन मैल लांबीचा देखावा अवघ्या तीन आण्यांत, अशा आशयाची जाहिरात फाळके यांनी केल्याचे सांगितले जाते. खेळाचा वेळ न मोजता चित्रे मोजावयास लावणारी ही युक्ती विक्रीकलेचा उत्तम नमुना आहे.

भागीदारी आणि दुरावा

त्यानंतर फाळके यांनी नाशिक येथे आपला कारखाना नेला. १९१४ मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांच्या चित्रपटांचे कौतुक झाले. परंतु महायुद्ध सुरू होताच भांडवलाचा ओघ आटला आणि कारखाना चालू ठेवणेही कठीण झाले. १९१७ मधील ‘लंकादहन’ने हे संकट निवारले. राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांनीच केलेल्या या चित्रपटाला उदंड प्रेक्षक लाभले.

या यशामुळे भांडवलदार पुढे आले. १९१८ मध्ये मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी स्थापन झाली. ‘श्रीकृष्णजन्म’ आणि कन्या मंदाकिनीच्या भूमिकेने गाजलेला ‘कालियामर्दन’ हे या पर्वातील चित्रपट होत. तथापि, लवकरच खर्चावरून वाद सुरू झाले. भागीदारांना खर्चाला मर्यादा आणि चित्रपटाला मुदत हवी होती. फाळके यांना मनासारखे दृश्य साधेपर्यंत सवड हवी होती. यांत भागीदारांना दोष देणे सोपे आहे. पण ज्यांचे पैसे गुंतले आहेत त्यांनी हिशेब मागणे गैर म्हणता येत नाही. पूर्वी खर्च करणारा आणि खर्च सोसणारा माणूस एकच होता. आता ते दोघे झाले, आणि त्यांच्यात निर्णय कोणी घ्यावयाचा याची रीत ठरली नाही. फाळके कंपनी सोडून काशीला गेले आणि तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. काही वर्षांनी ते पगारदार म्हणून त्याच कंपनीत परतले; परंतु पूर्वीचे स्वातंत्र्य त्यांना लाभले नाही.

उत्तरायुष्य

बोलपटाचे युग आल्यावर मूकपटाची पद्धती मागे पडली. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा एकमेव बोलपट ठरला. अखेरची वर्षे त्यांनी नाशिकमध्ये हलाखीत काढली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ पासून दिला जातो.

समारोप

फाळके यांना व्यवहार कळत नव्हता, हा समज त्यांच्या चरित्राला धरून नाही. वाटाण्याचा चित्रपट, घरगुती निर्मिती आणि तीन आण्यांची जाहिरात त्याची साक्ष देतात. त्यांना न साधलेली गोष्ट वेगळी होती : दुसऱ्याच्या भांडवलावर आपली कलादृष्टी सांभाळण्याची व्यवस्था. ती व्यवस्था भारतीय चित्रपट-व्यवसायाला त्यांच्या पश्चातही सहजी सापडलेली नाही.

आपली प्रगती तपासा

१. कर्ज मिळविण्यासाठी फाळके यांनी कोणता पुरावा सादर केला? त्यामागील विचार स्पष्ट करा.
२. हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनीतील मतभेदांची मीमांसा दोन्ही बाजू लक्षात घेऊन करा.