फिलाडेल्फियाच्या अभिलेखागारातील डॉ. आनंदीबाई जोशी

अमेरिकेतील फिलाडेल्फिया नगरात १८५० साली केवळ स्त्रियांना वैद्यकशास्त्र शिकविण्यासाठी एक महाविद्यालय स्थापन झाले. पुढे ते वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया या नावाने विख्यात झाले. आज त्याचा वारसा ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे असून तेथील अभिलेखागारात एका मराठी मुलीने लिहिलेले प्रवेशाचे पत्र आणि तिची छायाचित्रे जपून ठेवलेली आहेत. ती मुलगी म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांचे चरित्र आम्ही वाचकांसमोर ठेवीत आहोत.

आनंदीबाईंचा जन्म १८६५ सालचा. माहेरचे नाव यमुना. बालपण कल्याणात गेले. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी या बिजवराशी झाला. गोपाळराव वयाने पुष्कळ मोठे आणि स्वभावाने विक्षिप्त. पत्नीला शिकवायचेच, हा त्यांचा ध्यास होता. अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता अशा बदल्यांच्या गावी हे शिक्षण चालू राहिले. परंतु ते प्रेमाने दिलेले शिक्षणच केवळ नव्हते. लहानपणी पतीने केलेल्या मारहाणीचे स्मरण आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून त्यांनाच लिहिलेल्या पत्रात स्पष्ट शब्दांत करून दिले आहे. त्याच पतीमुळे आपण शिकलो, हेही त्या विसरल्या नाहीत. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांतील एक झाकून दुसरी सांगणे आम्हांस उचित वाटत नाही.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना पुत्र झाला. तो अवघे दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय साहाय्य मिळाले नाही, हे शल्य त्यांच्या मनात राहिले. परपुरुषाकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या असंख्य स्त्रिया त्या काळी घराघरांत होत्या. त्यांच्यासाठी आपण वैद्य व्हावे, हा निश्चय येथून दृढ झाला.

गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्यास लिहिलेले पत्र तिकडील नियतकालिकात छापून आले. न्यू जर्सीतील रोसेल येथे राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीने ते दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असताना वाचले आणि कधीही न पाहिलेल्या आनंदीबाईंना पत्र लिहिले. त्यातून जो पत्रव्यवहार सुरू झाला, त्याने एका परक्या बाईला आनंदीबाईंची मावशी केले. फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाईंनी जाहीर भाषण करून अमेरिकेस जाण्याची कारणे सांगितली आणि आपण हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येऊ, असे आश्वासन दिले. एप्रिलमध्ये त्या पतीवाचून कलकत्त्याहून जहाजात बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या.

त्याच महिन्यात त्यांनी महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिले. ते पत्र आजही उपलब्ध आहे. आपली पूर्वतयारी कदाचित अपुरी ठरेल, हे त्यांनी त्यात लपविलेले नाही. मात्र आप्त आणि जात यांचा एकत्रित विरोध सोसून जो निर्धार आपल्याला येथवर घेऊन आला, त्याचाही विचार व्हावा, असे त्या सुचवितात. आपल्या देशातील पीडित स्त्रियांना खरे वैद्यकीय साहाय्य देणे हाच हेतू असल्याचे त्या नमूद करतात. अठरा वर्षांच्या मुलीच्या या पत्रात विनय आहे, पण याचना नाही. त्यांना प्रवेश मिळाला.

ऑक्टोबर १८८५ मधील एक छायाचित्र जगभर प्रसिद्ध आहे. त्यात तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेषात आहेत. भारताच्या आनंदीबाई लुगड्यात, सोबत जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या सबात इस्लामबुली. त्यांची नावे व गावे चित्राखाली नोंदलेली असल्यामुळेच आज आपण त्यांना ओळखू शकतो. ओकामींनी १८८९ मध्ये पदवी घेतली व मायदेशी जाऊन रुग्णसेवा केली.

परक्या मुलखातील कडाक्याची थंडी आणि शाकाहाराचे व्रत यांत आनंदीबाईंची प्रकृती ढासळत गेली. तरीही आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र या विषयावर प्रबंध लिहून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी संपादन केली. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रीविभागाच्या प्रमुखपदी त्यांची नेमणूकही झाली. परंतु क्षयाने त्यांना गाठले होते. स्वदेशी परतल्यावर काही महिन्यांतच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी येथील त्यांच्या कौटुंबिक दफनभूमीत ठेवण्यात आल्या.

ज्या सेवेसाठी एवढे कष्ट केले, ती सेवा त्यांच्या हातून घडू शकली नाही. मग त्यांचे जीवन व्यर्थ गेले काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्याच महाविद्यालयातून १८९२ मध्ये गुरुबाई करमरकर पदवीधर झाल्या आणि त्यांनी मुंबईत दीर्घकाळ रुग्णांची सेवा केली. एकदा उघडलेली वाट पुन्हा बुजली नाही.

जपलेले कागद माणसाला देवत्व देत नाहीत. ते त्याला माणूस म्हणून दाखवितात. अमेरिकेतील एका सभेत आनंदीबाईंनी बालविवाहाचे समर्थन केले होते, ही नोंदही इतिहासात राहिली आहे. स्वतः ज्या प्रथेचे चटके सोसले, तिचाच परक्यांपुढे बचाव करण्याची वेळ त्यांच्यावर का आली, याचा विचार आपल्या विद्यार्थिनींनी अवश्य करावा.

आणखी एक गोष्ट आम्हांस सांगावीशी वाटते. आनंदीबाईंच्या घरी अक्षरओळख होती, म्हणून पत्रे लिहिली गेली. महाविद्यालयाने ती राखली, म्हणून उरली. आपल्यापैकी बहुतेकांच्या आजी-पणजींना लेखणीच हाती धरू दिली गेली नाही. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध १८५५ मध्ये ज्ञानोदयाने छापला, म्हणून तिचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचला. न छापलेले, न जपलेले असे किती आवाज हरवले असतील!

म्हणूनच माजी विद्यार्थी व पालक यांना आमची विनंती आहे. वसतिगृहातून घरी धाडलेली पत्रे, घरून आलेली उत्तरे, वर्गाची जुनी छायाचित्रे रद्दीत जाऊ देऊ नका. प्रत्येक छायाचित्रामागे नाव, गाव आणि साल लिहून ठेवा. घरातील पहिली शिकलेली मुलगी कोण, तिला शाळेत कोणी पोहोचविले, हे पुढच्या पिढीला वाचता आले पाहिजे. ते लिहिण्याची संधी आपल्या पूर्वजांना नव्हती, आपल्याला आहे.