सोवळ्यातली मनू ते राहुरीची लक्ष्मीबाई : धर्म पुस्तकातून चुलीपर्यंत आणणारी बाई

अहिल्यानगर : शाळेत मराठीच्या पुस्तकात ज्यांचा धडा अनेकांनी वाचला, त्या 'स्मृतिचित्रे'कार लक्ष्मीबाई टिळक यांच्या आयुष्याची सगळ्यात अवघड वर्षे आपल्या जिल्ह्यात गेली, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. नगर आणि राहुरी या दोन गावांनी त्यांना पार बदलून टाकले.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले, घरात सगळे मनू म्हणायचे. वडील कमालीचे सोवळे पाळणारे. बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुऊन घ्यायचे, म्हणजे विटाळ किती मानत असतील बघा. अशा घरात वाढलेल्या मुलीचे लग्न 1880 साली, बाराव्या वर्षाच्या आसपास, नारायण वामन टिळक यांच्याशी झाले. शाळा नाहीच. लिहिणे-वाचणे शिकल्या ते लग्नानंतर.

टिळक हुशार कवी, पण डोक्याने भलतेच मोकळे. एका जागी पाय टिकायचा नाही. राग आला की घर सोडून निघून जायचे, हातात पैसे आले की समोरच्या गरजूला देऊन मोकळे व्हायचे. घरात उद्या काय शिजणार, याची चिंता एकट्या लक्ष्मीबाईंना. पुढे टिळकांना आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या मिशनऱ्याने बायबलचा नवा करार दिला. ते वाचत गेले, विचार करत गेले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

बायकोवर आभाळच कोसळले. पदरात लहानगा दत्तू. नवरा जिवंत आहे, पण त्या काळच्या रीतीने त्याच्या घरचे पाणी चालत नाही. लक्ष्मीबाई नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या, काही काळ पंढरपुरातही होत्या. लोक बोलत होते ते वेगळेच. अशी चार-पाच वर्षे गेली.

टिळक तेव्हा नगरला होते. अमेरिकन मराठी मिशनचे काम इथे 1831 पासून चालू होते आणि मिशनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत ते शिकवत. शेवटी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नगरला आल्या. पण धर्म सोडायला नव्हे. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळे तसेच. एकाच संसारात दोन धर्म नांदू लागले. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही.

पुढे बिऱ्हाड राहुरीला आले. तिथे मिशनकडे येणारी माणसे बहुतेक महार-मांग समाजातली. तेव्हाच्या गावाने त्यांना शिवेबाहेर ठेवलेले, पाणवठा वेगळा, सावलीचाही विटाळ. लक्ष्मीबाईंची खरी परीक्षा इथे होती. शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करा, हे बोलायला सोपे. पण तो शेजारी पाण्याचा तांब्या पुढे करतो, तेव्हा हात मागे येतो की पुढे जातो, तिथे कळते. लक्ष्मीबाईंनी मनाशी विचार केला. जनावरांच्या जाती निसर्गाने केल्या, माणसात तर बाई आणि पुरुष एवढाच फरक. बाकीच्या जाती माणसानेच पाडल्या. एकदा हे पटल्यावर त्यांनी अर्धवट ठेवले नाही. कुणाच्याही हातचे अन्न-पाणी घ्यायचे ठरवले आणि घेतले. मीठ धुणाऱ्या घरातल्या मुलीसाठी ही साधी गोष्ट नव्हती. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली राहुरीतच झाला. आधी वागणे बदलले, मग धर्म बदलला.

त्याच सुमारास छप्पनचा दुष्काळ पडला होता. आपल्याकडची जुनी माणसे छप्पन्याच्या गोष्टी सांगायची. माणसे गाव सोडून खडी फोडायला जात होती, पोरे उघड्यावर पडत होती. टिळकांनी अनाथ मुले घरी आणली. एक-दोन नव्हे, घर भरून. आणणारे टिळक, पण त्यांना न्हाऊ घालणे, उवा काढणे, खरूज धुणे, भाकरी थापणे हे सगळे लक्ष्मीबाईंच्या वाट्याला. उपाशी मुलाला जेवू घालणे म्हणजे देवाला जेवू घालणे, ही येशूची शिकवण ऐकायला गोड आहे. रोजच्या रोज चुलीपुढे बसून ती पाळायची म्हटले की कंबर मोडते. पुढे प्लेगच्या साथीत माणसे घरच्यांजवळ जायलाही घाबरत होती, तेव्हाही त्या आजारी मुलांच्या सेवेला पुढे झाल्या.

म्हणून त्या कुणी संत होत्या असे नाही. त्या चिडायच्या, भांडायच्या, नवऱ्याला तोंडावर सुनवायच्या. हे सगळे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे, काही झाकले नाही. पण ज्या नवऱ्याने आयुष्य उलटेपालटे केले, त्याच्यावर त्यांनी मनात डूख धरला नाही. क्षमा करायची ती एकदाच करून भागत नाही, संसारात रोज करावी लागते, हे त्यांच्या आयुष्यावरून दिसते.

टिळकांनी 1917 साली मिशनचे पगारी काम सोडले आणि संन्यस्त वृत्तीने साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. येशूचे चरित्र ओवीत सांगणारे त्यांचे 'ख्रिस्तायन' दहा-अकरा अध्यायांवरच थांबले होते. कधी शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे साठहून जास्त अध्याय लिहून ते पूर्ण केले. 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागाने छापली गेली. 24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिकला त्यांनी देह ठेवला.

आज राहुरी स्टेशनवरून दौंड-मनमाडच्या गाड्या जातात, तालुक्यात कॅनॉलचे पाणी आले, ऊस आला. पण गावात कुणाच्या घरी चहा घ्यायचा आणि कुणाच्या घरी नाही, हा हिशोब अजून काही ठिकाणी मनातल्या मनात चालतोच. धर्म कोणताही असो, सव्वाशे वर्षांपूर्वी याच राहुरीत एका बाईने तो हिशोब मिटवला होता, तोही कुणी न सांगता.