उजाड पुणे वसविणाऱ्या जिजाबाई

देऊळगाव राजाहून थोड्याच अंतरावर सिंदखेड राजा आहे. तेथील लखुजी जाधवांच्या वाड्यात १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाबाईंचा जन्म झाला असे मानले जाते. आपले देऊळगावही जाधव घराण्याच्याच अमलातले, म्हणजे त्या आपल्या पंचक्रोशीच्याच लेक. शिवाजी महाराजांच्या मातोश्री म्हणून सारा महाराष्ट्र त्यांना ओळखतो. परंतु लढाईने उद्ध्वस्त झालेले गाव पुन्हा वसविणारी स्त्री, ही त्यांची ओळख फारशी सांगितली जात नाही.

लढाईची झळ काय असते हे त्यांना दुसऱ्याकडून ऐकावे लागले नाही. वेरूळच्या भोसल्यांकडे, शहाजीराजांशी त्यांचा विवाह झाला. पुढे एका बिथरलेल्या हत्तीवरून जाधव आणि भोसले यांच्यातच तलवारी निघाल्या. जिजाबाईंचे बंधू दत्ताजी आणि शहाजीराजांचे चुलतबंधू संभाजी त्यात मारले गेले. माहेर आणि सासर समोरासमोर उभे राहिल्यावर बाईने कोणासाठी रडावे? नंतर जुलै १६२९ मध्ये दौलताबादेस निजामशहाच्या हुकमाने लखुजी, त्यांचे दोन पुत्र आणि एक नातू यांची हत्या झाली. जिजाबाई तेव्हा गरोदर होत्या. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला.

त्याच सुमारास विजापूरचा सरदार मुरार जगदेव याने शहाजीराजांच्या जहागिरीतील पुणे जाळले. गावावरून गाढवांचा नांगर फिरविला आणि जमिनीत पहार ठोकली. येथे पुन्हा कोणी वस्ती करू नये, असा त्याचा अर्थ. त्यातच १६३० ते १६३२ चा भीषण दुष्काळ पडला. जिजाबाईंच्या पित्यास मारविणारा निजामशहा मुसलमान आणि पुणे जाळणारा मुरारपंत ब्राह्मण; पोळली ती दोन्ही समाजांची रयत. त्या काळच्या साऱ्या लढायांना धर्मयुद्ध म्हणणाऱ्यांनी एवढे तरी पाहावे.

१६३६ च्या तहानंतर शहाजीराजे विजापूरच्या चाकरीत गेले. पुण्याची जहागीर त्यांच्याकडेच राहिली आणि जिजाबाई बाळ शिवाजीसह तेथे आल्या. रयत परागंदा झालेली, शेते पडीक, लांडग्यांचा सुळसुळाट. कारभारी दादोजी कोंडदेव होते. बखरी सांगतात की, परतून जमीन कसणाऱ्यास पहिली काही वर्षे नाममात्र सारा ठेवून तो टप्प्याटप्प्याने वाढविला, आणि लांडगे मारणाऱ्यास इनाम दिले. जमीन पाहून सारा ठरविण्याची शिस्त या मुलखात मलिक अंबरने घालून दिली होती. तिचा येथे उपयोग झाला. जिजाबाईंनी कसबा गणपतीचे देऊळ बांधविले, राहण्यास लाल महाल उभा राहिला. सोन्याच्या फाळाने त्यांनी जमीन नांगरविली असे लोक सांगतात. त्यात सोन्याचे महत्त्व नाही. ज्या भुईला शापित ठरविले होते तिच्यावर नांगर चालला, हे पाहून माणसांची भीती गेली असेल. घाबरलेल्या कुणब्याला बियाण्याइतकाच धीरही लागतो.

आणि घरी परतलेल्या बायकांचे काय? रांझे गावच्या पाटलाने एका स्त्रीवर अत्याचार केला. १६४६ मध्ये चौकशी होऊन त्याचे हातपाय तोडण्यात आले आणि पाटीलकी काढून त्याच्या भाऊबंदाकडे दिली. हुकूम शिवाजी महाराजांचा होता; त्यांना सोळा वर्षेही पूर्ण झाली नव्हती आणि ते मातोश्रींच्या नजरेखाली कारभार शिकत होते. शिक्षा आज क्रूर वाटेल. पण गावचा पाटील म्हणजे गावापुरता राजाच. त्याच्याविरुद्ध बाईचे गाऱ्हाणे ऐकले जाते, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

थोरले पुत्र संभाजी कनकगिरीच्या लढाईत पडले. १६६४ मध्ये शहाजीराजे वारले तेव्हा जिजाबाई सती निघाल्या होत्या. महाराजांनी त्यांना परावृत्त केले. दोनच वर्षांनी, महाराज आग्र्यास अडकले असता, राज्याचा कारभार त्यांनीच सांभाळला. ६ जून १६७४ चा राज्याभिषेक पाहून १७ जून रोजी त्या पाचाड येथे निवर्तल्या. त्यांची समाधी तेथे रायगडाच्या पायथ्याशी आहे. वडिलांची आपल्या शेजारी, सिंदखेड राजास.