मुलांचे शल्यवैद्य अबुल कासिम अल-जहरावी

अबुल कासिम अल-जहरावी यांचे नाव निघाले की त्यांच्या ग्रंथातील सुमारे दोनशे शस्त्रक्रिया-उपकरणांच्या आकृत्यांचा उल्लेख हमखास होतो. लहान मुलांच्या व्याधींवर त्यांनी काय लिहून ठेवले आहे, याकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. म्हणून हा अल्प परिचय.

स्पेनमधील कुर्तुबा म्हणजे आजचे कॉर्डोव्हा. त्या शहराजवळ खलीफा तिसरा अब्दुर्रहमान याने इ. स. 936 मध्ये मदीनतुज्जहरा ही राजनगरी वसविण्यास प्रारंभ केला. अल-जहरावी हे नाव त्या नगरीवरून आले. त्यांचा जन्मही त्याच सुमाराचा, आणि मृत्यू 1013 च्या सुमारास. त्यांच्या घरगुती आयुष्याची माहिती नाहीच म्हटले तरी चालेल. जे आहे ते ग्रंथात आहे.

'किताब अल-तसरीफ' हा त्यांचा तीस भागांचा वैद्यकग्रंथ इ. स. 1000 च्या सुमारास पुरा झाला. शेवटचा भाग शल्यविद्येचा. आपल्या मुलखात ही विद्या जवळजवळ लोपली आहे, अशी खंत त्याच्या आरंभीच त्यांनी व्यक्त केली असून अडाणी वैद्यांच्या हातून घडलेले अपघात सांगितले आहेत. एका वृद्धाचा मूतखडा काढण्यासाठी प्रथम त्यांनाच बोलावले होते. खड्याचा आकार व रोग्याची अवस्था पाहून त्यांना परिणाम दिसत होता. दुसऱ्या वैद्याने धाडस केले; खड्याबरोबर मूत्राशयाचा तुकडाही बाहेर आला आणि तीनएक दिवसांत वृद्ध दगावला.

मूतखडा मुलांत अधिक आढळतो व चौदा वर्षांपर्यंत शस्त्रक्रिया सोपी जाते, हे त्यांचे निरीक्षण होते. बाहेरचा छेद पुरेसा मोठा, पण आतला खड्यापुरताच घ्यावा, असा त्यांचा दंडक. खडा मूत्रमार्गात अडकला तर त्याच्या मागे दोरा बांधावयाचा, म्हणजे तो मूत्राशयाकडे परत सरकत नाही. मग पोलादी, तीन धारांच्या टोकाचे बारीक गिरमिट हळूहळू फिरवून खड्याला भोक पाडावयाचे. तुंबलेली लघवी सुटते आणि खड्याचा चुरा तिच्याबरोबर वाहून जातो.

काही बालके मूत्रद्वार बंद असताना जन्मतात. तेथे बारीक छेद घेऊन शिशाची पातळ खिळी तीन-चार दिवस बसवावी, लघवीच्या वेळी काढावी व पुन्हा घालावी, म्हणजे वाट मिटत नाही. गुदद्वार बंद असल्यास सुईणीने पडदा बोटाने फोडावा. न जमल्यास शस्त्राने, पण स्नायूला धक्का न लावता.

सुंतेच्या बाबतीत ग्रीक ग्रंथ उपयोगी पडणार नव्हते, कारण त्या लोकांत ही चाल नव्हती. अल-जहरावींनी निरनिराळ्या रीती अनुभवाने पारखल्या आणि दोरा बांधून कात्रीने कापण्याची रीत पसंत केली. मुलाला खेळीमेळीत ठेवावे, कात्री त्याच्या दृष्टीस पडू देऊ नये, अस्तनीत लपवावी, इतके बारीक मार्गदर्शन ते करतात. ज्याने घाबरलेली पुष्कळ मुले हाताळली आहेत, त्यालाच हे सुचावे!

आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते ते डोक्यात पाणी साचणाऱ्या अर्भकांचे प्रकरण. एका मुलाचे डोके दिवसेंदिवस वाढत गेले, शेवटी त्याला बसताही येईना, आणि तो गेला. हे त्यांनी स्वतः पाहिले होते. या व्याधीत आपण मृत्यूखेरीज काही पाहिले नाही, म्हणून शस्त्रक्रिया न करणेच आपण पसंत केले, अशी कबुली त्यांनी दिली. आपली विद्या जेथे संपते ती जागाही विद्यार्थ्यांना दाखविणारे ग्रंथकार थोडे.

बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डने टोलेडो येथे या भागाचे लॅटिन भाषांतर केले. फ्रान्सच्या गी द शोलियाकने 1363 च्या आपल्या ग्रंथात त्याचा वारंवार आधार घेतला. 1778 मध्ये ऑक्सफर्डला तो अरबी व लॅटिनमध्ये छापला गेला, आणि 1973 मध्ये स्पिंक व लुईस यांनी अरबी मूळ व इंग्रजी भाषांतर एकत्र प्रसिद्ध केले. वैद्यकाकडे जाऊ इच्छिणाऱ्या आमच्या मुलामुलींना ते ग्रंथालयात मिळाले, तर डोक्यातील पाण्याचे प्रकरण त्यांनी आधी काढावे.