नानाभाई मूस : चुंबकाची नोंदवही

मी कला शाखेचा, आणि घरातला कॉलेजात आलेला पहिलाच. तरी शास्त्रज्ञावर लिहितो, कारण नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस मला हिशेब चोख ठेवणाऱ्या माणसासारखे वाटतात.

मुंबईच्या या पारशी गृहस्थांचा जन्म १८५९ चा. योगायोग असा, की त्याच वर्षी २ सप्टेंबरला सूर्यावरील उत्पातामुळे पृथ्वीच्या चुंबकत्वात प्रचंड वादळ उठले आणि त्याची नोंद कुलाब्याच्या वेधशाळेत झाली. एडिंबरोची पदवी घेऊन आलेले मूस १८९६ मध्ये याच वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. क्ष-किरणांचा शोध नुकताच, १८९५ मध्ये, लागला होता.

टांगलेला चुंबक, त्याला चिकटवलेला आरसा, त्यावरून परतणारा दिव्याचा किरण आणि सावकाश फिरणारा फोटोचा कागद, असे ते यंत्र. चुंबक किंचित वळला, की कागदावरची रेघ वाकडी होई.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम आणायचे ठरले. विजेच्या प्रवाहाभोवती चुंबकत्व निर्माण होते. ते या नाजूक रेघेत मिसळले असते आणि पन्नासहून अधिक वर्षांच्या नोंदींची साखळी तुटली असती. आमच्या वरवे बुद्रुकवरून पुणे-सातारा रस्ता जातो. रस्ता रुंद व्हायचा म्हटले, की कोणाचे ना कोणाचे काही हलवावे लागते, हे आम्हांला ठाऊक आहे. शहराला ट्राम हवी होती, तेही रास्तच. मूस यांनी वेधशाळा अलिबागला नेली, लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत. पण कुलाबा लगेच बंद केले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे वेध चालू ठेवले, म्हणजे जुन्या आकड्यांना नवे आकडे जोडता यावेत. इथेच माणूस कळतो! ट्राम १९०७ मध्ये धावली. १९१० मध्ये त्यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी दोन खंडांत प्रसिद्ध केल्या. १९३६ मध्ये ते वारले.

त्यांच्या कागदावर मिनिटांचे चढउतार दिसत. १९९६ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्गला निकेलच्या पातळ थरावर लेसरचा झोत टाकला, तेव्हा त्याचे चुंबकत्व सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या आतच घटले. टांगता चुंबक तिथे काय पुरणार! आता लेसर वायूतून सोडून क्ष-किरणांचे त्याहूनही क्षणिक झोत काढतात. त्यांतून मिश्रधातूतील लोह आणि निकेल यांचे चुंबकत्व वेगवेगळे पाहता येते. म्हणजे वाचन अजूनही प्रकाशानेच होते.

कुलाब्यातच असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये लेसरने निर्माण झालेले असेच क्षणजीवी, अतिप्रबळ चुंबकत्व मोजले. अलिबागची नोंद आजही चालू आहे.